आखूड दस्त्याची बंदूक

२ सप्टेंबर

तोंड आहे की भोंगा, असं माझी आई मला म्हणायची. आज पटलं.

रूडी भावजी आले होते. माझ्या नवऱ्याचा, आर्व्होचा, धाकटा भाऊ. मार्चमध्ये छपरावरचं बर्फ ओढता ओढता आर्व्हो गेला, तेव्हापासून दर आठवड्याला येतात, माझी विचारपूस करायला. विचारपूस माझी आणि डोळे बंदुकांच्या कपाटावर. मी वेलदोड्याचा पाव कापते, ते "जरा तेलपाणी करतो" म्हणून कपाट उघडतात. इतकं तेल पाजलंय त्यांनी त्या बंदुकांना की आता तळायच्या तेवढ्या राहिल्यात.

आज पाव खाऊन झाल्यावर म्हणाले, यंदा शिकारीच्या कॅम्पवर आर्व्होच्या बैठकीवर, म्हणजे हरणाची वाट बघत बसायच्या फळीवर, डेनिस बसेल. डेनिस म्हणजे त्यांचा जावई. मोठ्या पुलाच्या खालचा, म्हणजे पलीकडच्या दक्षिणेतला. पुलाखालच्या माणसाला हरीण बोटानं दाखवावं लागतं, मग तो विचारतो, कुठलं बोट.

कॅम्प म्हणजे काही महाल नाही. जंगलात एक खोपटं, एक चूल, झोपायला फळ्या, आणि पत्त्यांचा एक जोड ज्यात बदामची राणी नाही. पण नियम मोठे कडक. पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते, त्या पहाटे ज्याची बैठक रिकामी राहिली त्याची ती गेली. पुढे मागेल त्याची. आर्व्होची बैठक ओढ्याच्या वळणावर, जुन्या हेमलॉकच्या झाडाखाली. सगळ्यांचा डोळा तिच्यावर.

मी म्हटलं, "रिकामी कुठे राहतेय? मी बसणार आहे."

भावजींच्या नाकातून कॉफी आली. मग रुमाल शोधत म्हणाले, "वहिनी, आर्व्होची बैठक उंच आहे. तुमचे पाय लोंबकळतील तिथे."

मी बुटकी आहे, हे या घरात नवीन नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीतसुद्धा मला पायाखाली खोका लागतो. पण म्हणून कुणी नाकातून कॉफी काढायची नसते. मी सांगितलं, लोंबकळू देत, पाय माझे आहेत.

आता ते गेल्यावर बसलेय कपाळाला हात लावून. मी आयुष्यात सशावरसुद्धा धड गोळी झाडलेली नाही.

पण खरं सांगू का? लग्नापासून दर नोव्हेंबरला हा माणूस पंधरा दिवस त्या झाडाखाली जाऊन बसायचा. परत आला की मी विचारायची, काय पाहिलंस? म्हणायचा, "काही नाही." एका माणसानं जन्मभर पाहिलेलं ते काही नाही मला एकदा बघायचंय. डेनिस तिथे ढेकर द्यायला बसायच्या आत.

६ सप्टेंबर

सगळ्या बंदुका पलंगावर मांडल्या. त्यानं घेतल्या त्या क्रमानं. कुठली न्यायची ते ठरवायला हवं ना. बघता बघता डोकंच फिरलं माझं. एका माणसाला इतक्या वेळा मत बदलता येतं?

पहिली त्याच्या वडिलांची. काडीएवढी. एक गोळी घालायची, एक मारायची. लग्नात आला तेव्हा एवढीच होती त्याच्याकडे, आणि म्हणायचा, नेम असेल तर दुसरी गोळी लागतेच कशाला.

पुढच्याच वर्षी दुसरी गोळी लागायला लागली. खालचा दांडा खटाखट ओढायची रायफल आली. घोड्यावरची माणसं चित्रात वापरतात तसली. मग पहिलीला म्हणायचा, पोरांचं खेळणं.

मग लष्करातली जुनी, लाकूड तासून हलकी केलेली. दांडेवाली आता त्याला टपोरी वाटायला लागली.

तांब्याची खाण बंद पडली त्या वर्षी तर कहर. घरात बटाटे आणि मी, आणि हा जाऊन आणतो कपाटातली सगळ्यात मोठी. गोळी माझ्या अंगठ्याएवढी. वर भिंग, शेजारच्या गावातली गाय मोजता येईल असलं. मी विचारलं, काय मारणार आहेस, हत्ती? रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन पुसत बसायचा. कामाला जायचं नव्हतं ना.

ती बरीच वर्षं टिकली. मग एकदम वैताग आला त्याला तिचा. खांदा दुखतो म्हणे. बंदूक म्हणजे काय उशी आहे, खांदा दुखला की बदलली? तर आणली दारू ठासायची. पणजोबांच्या काळातली तऱ्हा. नळीत दारू ओता, चिंधी घाला, गोळी ठासा. तोवर हरीण घरी जाऊन जेवून झोपतं. म्हणे, शांत असते ही. कान बसतील असा आवाज आणि म्हणे शांत.

आणि शेवटची ही. गेल्या वर्षी घेतलेली, हलकी, बारीक गोळीची. चांगली होती. तर ह्यानं काय करावं? गेल्या हिवाळ्यात तिचा दस्ता करवतीनं कापला. चार बोटं लाकूड गेलं. आधी खाणीत, मग गावभर सुतारकाम करण्यात जन्म घालवलेला माणूस, स्वतःच्या हाताचं माप चुकला. खांद्याला लावली की नाक अंगठ्यावर आपटायचं त्याचं. कॅम्पवाले तिला "थोटी" म्हणतात. तिच्या काडतुसांचा डबा तर फोडलेलासुद्धा नाही. गेल्या नोव्हेंबरात हे महाशय डबा तसाच घेऊन गेले आणि तसाच घेऊन आले. मोठे शिकारी.

प्रत्येक नवी आली की जुनीला नावं ठेवायचा. बदलून न घेतलेली वस्तू या घरात एकच, मी. दुकानदारांनी घेतली नसणार.

मी मोठी नेणार. भावजींची कॉफी नाकातून आलीच आहे, आता डोळ्यांतून काढते.

१४ सप्टेंबर

ऑनीला घेऊन वाळूच्या खाणीत गेले. ऑनी म्हणजे रस्त्यापलीकडचा. आर्व्होचा लहानपणापासूनचा दोस्त, कॅम्पवरचा तिसरा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्याची. त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं. माझी लाकडं फोडून ठेवतो, तेवढ्यापुरता कामाचा.

मोठी खांद्याला लावली, चाप ओढला, आणि पुढे मला वाळूतून आभाळ दिसलं. भिंगाची कडा भुवईत घुसली. रक्त.

ऑनीनं रुमाल दिला. मग म्हणाला, "आर्व्होलासुद्धा आवडत नव्हती ती."

मग इतकी वर्षं मांडीवर काय घेऊन बसला होता, विचारलं. उत्तर नाही. विहीर खोल आहे.

१५ सप्टेंबर

खांदा निळा. केस विंचरता येत नाहीत. बाकी काही नाही.

१७ सप्टेंबर

शिकारीचा परवाना आणि नारिंगी जाकीट आणायला दुकानात गेले. मुलांचं माप बसलं. गल्ल्यावरच्या बाईनं माझी भुवई बघून आवाज खाली आणला आणि विचारलं, कुणी मारलं?

"नवऱ्यानं," मी म्हटलं.

"अहो, पण ते तर मार्चमध्ये..."

"हो ना. तरी सुधारला नाही."

दिवस बरा गेला.

२८ सप्टेंबर

आता दांडेवालीवर आलेय. खटाखट करायला काय मजा येते. भांडी घासता घासता मध्येच हात पुसून दोनदा खटाखट करते. रिकामीच, अर्थात. मुलीचा फोन आला होता ग्रीन बे वरून. म्हणाली, आई, मागे कसला आवाज येतोय. म्हटलं, गुडघे.

पण हिला भिंग नाही. नळीच्या टोकाला एक टोचणी, तिच्यात बघून नेम धरायचा. मला तीन टोचण्या दिसतात. मधलीवर भरवसा ठेवला तर खाणीच्या फळीला लागली, डावीवर ठेवला तर कशालाच नाही. आर्व्होनं भिंगवाली आणली तेव्हा मी त्याला चिडवलं होतं, आंधळ्या, आता हरणाला चष्मा लाव म्हणून. असो.

शिवाय दस्ता लांब. गाल टेकवायला मान अशी ताणावी लागते की कोंबडीनं कापायला स्वतःहून दिली असं वाटतं. सगळ्याच लांब आहेत मेल्या. उभं राहायचा सराव मी झाडूनंच करते, निदान हात तरी भरून येत नाहीत.

झाडूवरून आठवलं. जानेवारीत आर्व्होचं डोकं फिरलं होतं ती गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मी भट्टीत दूध-अंड्याचं जाड धिरडं लावलेलं, आणि हा येऊन म्हणतो, हेल्मी, झाडू उलटा धर, खांद्याला लाव, खिडकीतल्या त्या चिमणीवर नेम धर. मला वाटलं चेष्टा. धरला. तर हा माझ्याभोवती फिरतोय. कोपर जरा वर. मान सैल. मग पेन्सिलनं झाडूवर खूण केली आणि गेला शिट्टी वाजवत. धिरडं करपलं. विचारलं काय होतं हे, तर म्हणाला, "काही नाही." म्हातारपण एकेकाला एकेक तऱ्हेनं येतं.

६ ऑक्टोबर

दारू ठासायची.

मला आवडली. लिहायला लाज वाटते, पण आवडली. गडबड नाही. एकेक गोष्ट क्रमानं करायची, लोणचं घालतात तशी. मग धडाम, आणि पांढरा धूर, आणि सडक्या अंड्याचा तो वास. ती धुवायला साबणाचं गरम पाणी लागतं. मी स्वयंपाकघरातच धुतली. याच वासावरून गेली पाच-सहा वर्षं मी त्याला बाहेर काढत होते, अंगणात धू म्हणून, बर्फ असलं तरी. आज खिडकी उघडायचीच राहिली.

पण चालायची नाही. महिनाअखेरीच्या रविवारी सगळ्यांनी खाणीत कागदी ताटलीवर नेम दाखवायचा, हा कॅम्पचा दुसरा नियम. शंभर पावलांवर ताटली, तीन गोळ्या, तिन्ही ताटलीत. नाहीतर पहिल्या पहाटे कॅम्पवर राहून सगळ्यांसाठी रांधायचं आणि बैठक रिकामी. नियम केला कुणी? आमच्याच शहाण्यानं. हिच्या तीन गोळ्या मारीपर्यंत बाकीचे खिमा-बटाट्याच्या करंज्या खाऊन घरी जातील. शिवाय हिनंही ताटली मला सापडलीच नाही, धुरात.

१२ ऑक्टोबर

झालं. थोटी सोडून सगळ्या करून झाल्या. लष्करवालीनं दंडाला साल काढलं. त्याच्या वडिलांची काडी तर हरणावर चालवायची परवानगीच नाही. आर्व्होला सगळ्या बंदुका फिरायला जन्म लागला, मी सहा आठवड्यांत फिरले. प्रत्येक वेळी वाटलं हीच, आणि प्रत्येक वेळी खांद्यानं नाही म्हटलं.

भावजी आले. भुवईकडे बघून गोड बोलायला लागले की समजावं. "वहिनी, हट्ट कशाला? कॅम्पवर या की तुम्ही, आम्हाला तुमच्या हातची करंजी मिळेल. बैठकीचं डेनिस बघेल."

मी बशा उचलल्या. मग म्हणाले, ती थोटी कुणाच्याच कामाची नाही, नाही का? डेनिससाठी नेतो, मागे लाकडाचा तुकडा चिकटवून पुन्हा लांब करून घेतो.

दिली. उचलून हातात दिली. डबासुद्धा दिला. तेवढीच जागा होईल कपाटात. तिला मी खांद्यालासुद्धा लावून बघितलं नव्हतं. वाया घालवलेल्या वस्तूकडे बघितलं की मला राग येतो.

१५ ऑक्टोबर

ऑनी लाकडं रचायला आला होता. कॉफी दिली. तो जुन्या पद्धतीनं पितो, साखरेचा खडा दातात धरून बशीतून. मी सांगत होते, कपाटात जागा झाली बाई एकदाची, थोटी देऊन टाकली भावजींना.

बशी खाली ठेवली त्यानं. बशी भरलेली असताना ऑनी ती खाली ठेवत नाही.

"ती द्यायची नव्हती," म्हणाला.

"का?"

त्यानं साखरेचा खडा या गालातून त्या गालात नेला.

"का, ऑनी? सोन्याची होती?"

"आर्व्होनं सांगितलंय बोलू नको म्हणून."

"तो मेलाय."

त्यानं पुष्कळ विचार केला. "कधीपर्यंत बोलू नको, ते त्यानं सांगितलं नव्हतं."

मी हातातला चमचा टेबलावर आपटला. म्हटलं, अरे माणसा, तुम्हा लोकांना देवानं जीभ फक्त बशी चाटायला दिली का? तो उठला, टोपी घातली, दारात थांबला. मला वाटलं, आता फुटणार विहीर. तर म्हणाला, सुकी लाकडं डावीकडे आहेत.

चिडचिड होतेय नुसती. एक जिवंतपणी बोलला नाही, दुसरा त्याच्या मेल्यानंतर बोलत नाही. पण हेही खरं की ऑनीनं आजवर मला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. काहीतरी किमती असणार त्या थोटीत. दुर्मिळ वगैरे.

१९ ऑक्टोबर

आज शनिवार. शनिवारी संध्याकाळी रूडी भावजींच्याकडे सगळे अंगणातल्या सौनात कपडे काढून वाफ घेत असतात, हे मला ठाऊक. गाडी लांब लावली आणि गेले. सौनाच्या धुराड्यातून धूर, आतून डेनिसचा आवाज, फार गरम होतंय म्हणून. पुलाखालचा.

घर उघडंच. आमच्याकडे कुलूप फक्त चर्चच्या दानपेटीला. मागच्या पडवीत थोटी टेकून ठेवलेली, शेजारी चिकटवायचा लाकडाचा तुकडा, सरस, चिमटे. अजून लावला नव्हता. घेतली. डबाही घेतला. मग गुपचूप निघून जायला हवं होतं, पण मग मजा काय राहिली?

सौनाच्या दारावर टकटक केली. म्हटलं, "भावजी, मी आहे. थोटी परत नेतेय. काही हरकत असेल तर बाहेर येऊन सांगा."

आत पाण्याची बादली सांडल्याचा आवाज.

"वहिनी, दिलेली वस्तू कुणी परत नेतं का?"

"नेते. तुमचा भाऊ आयुष्यभर हेच करत होता. आवड बदलली."

"थांबा जरा, मी पंचा..."

मी थांबले नाही. पंचा लहान आहे त्यांचा, मीच दिलेला नाताळात.

२० ऑक्टोबर

अजब आहे.

सकाळी थोटी उचलली, खांद्याला लावली. दस्ता जाऊन बसला आपल्या जागी. मान ताणावी लागली नाही. डोळा आपोआप भिंगात. खिडकीतून पलीकडच्या कुंपणावरची चिमणी अशी दिसली की तिला शिंक आली असती तर मी देव भलं करो म्हटलं असतं.

पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा तसंच. मग खाणीत गेले, नवाकोरा डबा फोडला. धक्का म्हणजे कुणी खांद्यावर हात ठेवून हाक मारावी तेवढाच.

बघा नशीब. त्या वेड्यानं माप इतकं चुकवलं, इतकं चुकवलं, की चुकून माझ्यासाठी बरोबर आलं.

२७ ऑक्टोबर

ताटलीचा रविवार. वारा बोचरा, सगळे कॉलर वर करून. ताटल्या मीच नेल्या होत्या, गुलाबी फुलांच्या, मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या. भावजी म्हणाले, ह्या कसल्या? म्हटलं, तुम्हाला दिसाव्यात म्हणून.

डेनिसनं आधी मारल्या. नवी बंदूक, नवं भिंग. दोन आत, तिसरी खाणीच्या भिंतीत. तो म्हणाला वाऱ्यानं. ताटलीला वारा लागतो पण गोळीला एवढा? बसला करंजी खात.

माझी पाळी आली तेव्हा भावजींनी चेहरा गंभीर केला, मयताला करतात तसा. भीती वाटत होती मला. खोटं कशाला लिहू. ही ताटली चुकली की संपलं. पुढल्या वर्षी डेनिसनंच बैठक मागितली असती, त्या झाडाखाली झोपूनच गेला असता, आणि आर्व्होचं ते काही नाही कायमचं गेलं असतं. मी ऑनीकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मग अगदी हळू, बूट बघत म्हणाला, "कोपर जरा वर. मान सैल."

हे कुठेतरी ऐकलंय, असं वाटलं. पण तेव्हा कुठलं आठवायला.

पहिली. दुसरी. तिसरी.

भावजी चालत गेले, ताटली घेऊन परत आले. तिन्ही गुलाबी फुलात. एक तर बरोबर देठावर. डेनिस म्हणाला, थोटीनं कुणालाही जमलं असतं. मी बंदूक त्याच्याकडे दिली, घे मग. त्यानं खांद्याला लावली, नाक अंगठ्यावर आपटलं, डोळ्यांत पाणी. आम्ही खूप हसलो. ऑनी हसला नाही. तो पाठमोरा उभा राहून उगाच गाडीचं चाक तपासत होता. वाऱ्यानं त्याचे डोळे फार वाहतात हल्ली.

१४ नोव्हेंबर

कॅम्प. आर्व्होच्या फळीवर झोपायचं आहे. घोंगडीला त्याच सडक्या अंड्यांचा वास. भावजी घोरतात, डेनिस झोपेत बोलतो, ऑनी झोपेतसुद्धा बोलत नाही. बदामच्या राणीच्या जागी सूपच्या डब्याचं झाकण वापरतात. एवढ्या वर्षांत एकाला नवीन पत्ते आणायचं सुचलं नाही. बायका नसल्या की असं होतं.

१५ नोव्हेंबर

उजेड व्हायच्या आधी ऑनीनं मला हेमलॉकपर्यंत सोडलं. बॅटरी खाली धरून उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं. "जातो," म्हणाला, आणि गेला.

अंधारात चाचपलं. आर्व्होची बैठक हाताला लागली. फळी गुळगुळीत झालेली. खरंच उंच. भावजी खोटं बोलले नव्हते. वर चढायला पाय कुठे ठेवावा म्हणून बाजूला हात फिरवला, तर दुसरी फळी लागली.

दुसरी बैठक. बुटकी. खिळे अजून चमकतात. पाठ टेकायला वाळलेली फांदी तासून लावलेली, टोचू नये म्हणून कडा गोल केलेल्या.

बसले. पाय जमिनीला टेकले.

उजाडत गेलं. ओढ्यावर धुकं होतं. थोटी मांडीवर होती, आणि मग एकदम तो झाडू आठवला. पेन्सिलीची खूण. कोपर जरा वर. करपलेलं धिरडं. हेल्मी, चिमणीवर नेम धर.

इतका राग आला मला. म्हणजे बैठक गेल्या नोव्हेंबरात, न फोडलेला डबा घेऊन आला होता तेव्हा. शिकार सोडून हा सुतारकाम करत होता इथे. मग हिवाळ्यात दस्ता. आणि तोंडातून एक अक्षर? नाही. येतेस का, एवढे दोन शब्द. त्याला जमले नाहीत. त्यापेक्षा करवत चालवणं सोपं वाटलं. विचारलं असतं तर... बरं, विचारलं असतं तर माझ्याही नाकातून कॉफी आली असती. ते त्याला ठाऊक होतं, म्हणून आधी सगळं तयार करून ठेवत होता. नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही, असा कावा. आणि मग जाऊन छपरावरचं बर्फ ओढलं.

आणि बंदुकीचं माप घेतलं बरोबर, पण बैठकीचं चुकलाच. दोन्ही इतक्या जवळ लावल्यात की दोघं बसले तर गुडघ्याला गुडघा लागतो, कोपर हलवायला जागा नाही. अशात कुणी नेम धरायचा? सुतार म्हणे.

उन्हं आली तेव्हा ओढ्यापलीकडे हरीण उभं होतं. नर. डोक्यावर झाडाएवढी शिंगं. ते माझ्याकडे पाहत होतं, मी त्याच्याकडे. थोटी मांडीवरच होती. उचलली असती तर चिमणीइतकं सोपं होतं. माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं, कॉफीनं भरलेलं, गरम. ते खाली ठेवावंसं वाटलं नाही. हरीण पाणी प्यालं, आणि गेलं. त्याच्या मागून एक खार आली. मग बर्फ, अगदी भुरभुर. मग पुन्हा काही नाही.

दुपारी भावजी बघायला आले, सावज ओढायला मदत लागेल म्हणून. सावज नव्हतं. त्यांनी दोन्ही बैठकींकडे पाहिलं, जवळ जाऊन खिळे पाहिले, हातानं फळी हलवून बघितली.

"वहिनी, इथे दोन आहेत की. मग पुढच्या वर्षी उंच बैठकीवर डेनिस..."

"ती भरलेली आहे," मी म्हटलं.

ते एकदा फळीकडे बघत राहिले, एकदा माझ्याकडे. टोपी काढली. पुन्हा घातली. मग पुढे होऊन माझा थर्मास उचलला आणि वाट दाखवत चालायला लागले. बराच वेळ मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.

संध्याकाळी कॅम्पवर चुलीभोवती सगळे बसलेले. डेनिसनं विचारलं, आर्व्होच्या जागेवर काय पाहिलंत काकू, त्या जागेचं एवढं काय असतं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑनीची बशी हवेत थांबली.

मी तोंड उघडलं. खूप होतं सांगायला.

"काही नाही," मी म्हटलं.

ऑनीनं बशी ओठाला लावली. झालं. यांचा रोग मलाही लागला.